कपोतपुच्छ सांधा व दप्तराच्या पेट्यांचा कालनिर्णय

(१) विषयप्रवेश

जुनीं दप्तरें संशोधकाच्या हातीं येतात तेव्हां कागद बहुधा एकटे येत नाहींत. कोठें ते रुमालांत बांधलेले असतात, कोठें वेळूच्या नळींत गुंडाळून घातलेले असतात, आणि पुष्कळदां लांकडी पेटींत ठेविलेले असतात. कागदाचें वय ठरविण्याचीं साधनें आपल्या वाचकांस चांगलीं परिचित आहेत. अक्षराचें वळण, मायना, शिक्का व मोर्तब, शक आणि सन यांचा मेळ, कागदाचा पोत, शाईचा रंग, इतक्या गोष्टी पाहिल्याशिवाय कोणी जाणता मनुष्य एखाद्या सनदेवर विश्वास टाकीत नाहीं. पेटीसंबंधानें मात्र अशी चिकित्सा क्वचितच होते. पेटी जुनी दिसते, तिच्यावर पितळी कडी-कोयंडा आहे, लांकूड काळवंडलें आहे, एवढ्यावर ती पेशवाईंतील ठरते. आणि एकदां ती तशी ठरली म्हणजे तिच्यांतील कागदही त्याच काळचे असा निष्कर्ष नकळत काढला जातो. याच्या उलट, पेटी अलीकडची ठरली तर आंतील अस्सल कागदांवरही बालंट येतें. दोन्ही अनुमानें सदोष आहेत, आणि दुसऱ्यापासून होणारें नुकसान तर कधींही भरून न निघणारें असतें.

पेटीचें वय सांगणारी सर्वांत बोलकी जागा म्हणजे तिचा कोपरा होय. लांकडाचा रंग करतां येतो, पितळ जुनें मिळवितां येतें. परंतु दोन फळ्या एकमेकींत कशा गुंतविल्या आहेत हें सहसा कोणी लपवीत नाहीं, कारण तेथें कांहीं लपविण्यासारखें आहे हेंच बहुतेकांस ठाऊक नसतें. म्हणून या लेखांत एका सांध्याची हकीकत, तो यंत्रानें घट्ट कसा बसवितात याची रीत, त्या रीतीच्या मागें राहणाऱ्या खुणा, आणि त्या खुणांवरून काय म्हणतां येतें व काय म्हणतां येत नाहीं, इतक्या गोष्टींचा विचार करण्याचें योजिलें आहे.

(२) सांध्याचें स्वरूप व नांव

दोन फळ्या काटकोनांत जोडावयाच्या असतां एकीच्या टोकास शेपटीच्या आकाराचे दांत कापतात. हे दांत बुडाशीं अरुंद व टोकाशीं रुंद असतात. दुसऱ्या फळीच्या टोकास त्यांना बरोबर सामावणाऱ्या खाचा पाडतात. या खाचांच्या मधून जो भाग उरतो ते त्या फळीचे खुंट होत. या लेखांत पहिल्यांस 'पुच्छ' व दुसऱ्यांस 'खुंट' म्हणूं. पुच्छाचें टोक बुडापेक्षां रुंद असल्यामुळें तें एका बाजूनें बसवितां येतें, पण ओढून काढतां येत नाहीं. ड्रॉवरचा दर्शनी भाग आपण रोज ओढतों तरी तो बाजूच्या फळ्यांपासून सुटत नाहीं, याचें कारण हाच सांधा. खिळा गंजतो व सरस सुटतो. पण सरस सुटल्यावरही जो सांधा एका दिशेनें तरी आपली पकड सोडीत नाहीं तो हा होय.

याचे दोन प्रकार आपल्या कामाचे आहेत. पुच्छांचीं टोकें दोन्ही बाजूंनीं दिसतात तो 'उघडा' सांधा. पेट्यांच्या कोपऱ्यांस तो पुष्कळ आढळतो. दर्शनी फळीच्या जाडीचा थोडा भाग पुढें राखून खाचा आंधळ्या ठेवितात तो 'अर्धगुप्त' सांधा. ड्रॉवरला व पुढील बाजू स्वच्छ दिसावी अशा पेटीला तो वापरतात.

इंग्रजींत याला कबुतराच्या शेपटीचें नांव आहे व आपले सुतारही आज 'डव्हटेल' असाच उच्चार करितात. त्याचा अर्थ जमेस धरून आम्ही सोयीसाठीं 'कपोतपुच्छ' ही संज्ञा योजितों. फ्रेंच, जर्मन व इटालियन भाषांत कबुतराऐवजीं पाकोळीसारख्या दुभंगलेल्या शेपटीच्या पक्ष्याचें नांव आहे. प्राचीन ग्रीकांस याच आकारांत परशु दिसला. लॅटिन ग्रंथकार व्हिट्रूव्हियस यानेंही तुळया जोडण्याच्या प्रकरणांत वापरलेला शब्द लहान कुऱ्हाडीचा वाचक आहे. एकच आकार, पण एकानें त्यांत पक्षी पाहिला व दुसऱ्यानें हत्यार. नांवावरून कल्पनेचा उगम शोधणारांनीं हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. नांवांचें साम्य उसनवारी सिद्ध करीत नाहीं व नांवांचा भेद स्वतंत्रता सिद्ध करीत नाहीं.

(३) संस्कृत शिल्पग्रंथांतील संधिकर्म

आपल्या शिल्पशास्त्रांत लांकडाच्या जोडणीस स्वतंत्र प्रकरण दिलेलें आहे. 'मयमत' या दाक्षिणात्य ग्रंथाचा सतरावा अध्याय संधिकर्माचा असून 'मानसार' या ग्रंथाचा सतरावा अध्यायही 'संधिकर्मविधान' हाच आहे. मयमताची संहिता टी. गणपतिशास्त्री यांनीं त्रिवेंद्रम् संस्कृत ग्रंथमालेंत १९१९ सालीं छापिली, व मानसाराची संहिता आणि भाषांतर प्रसन्नकुमार आचार्य यांनीं १९३४ च्या सुमारास प्रसिद्ध केलें. पुढें ब्रूनो दाझाँ यांनीं मयमताची चिकित्सक आवृत्ति पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेतर्फे काढली. तेव्हां हे ग्रंथ आज कोणासही पाहतां येण्याजोगे आहेत.

या अध्यायांत मल्ललील, ब्रह्मराज, वेणुपर्व, देवसंधि, दंडिका अशीं नांवें तुकड्यांच्या संख्येवरून व मांडणीवरून येतात. खांब लांबविण्याच्या सांध्यांत मेषयुद्ध, म्हणजे एडक्यांची टक्कर, हें नांव आहे. आडव्या तुळयांच्या सांध्यांत झषदंत म्हणजे माशाचा दांत, व सूकरघ्राण म्हणजे डुकराचें नाक, अशीं नांवें आहेत. प्राण्यांच्या अवयवांवरून सांध्यास नांव देण्याची खोड केवळ युरोपची नव्हे हें यावरून दिसेल. परंतु येथें एक सावधगिरी अवश्य आहे. या नांवांपैकीं एखादें उचलून 'हाच तो कपोतपुच्छ' असें म्हणण्याचा मोह होतो. ग्रंथांतील वर्णन संक्षिप्त आहे, आकृति नाहींत, व हे सांधे घराच्या तुळया-खांबांचे आहेत, पेट्यांचे नव्हेत. मोठ्या लांकडावरील पाठ लहान पेटीस लावणें हें मंत्रभागांतील वाक्य व्यवहाराच्या दस्तास लावण्यासारखें आहे. शास्त्रकारांनीं लांकडाचें मूळ कोणतें व अग्र कोणतें याचा जोडणीच्या वेळीं विचार सांगितला आहे. तो मात्र आजही प्रत्येक सुतारास उपयोगी आहे, कारण फळीच्या रेषांची दिशा न पाहतां कापलेला दांत तडकतो.

मयमतानें कारागिरांचे चार वर्ग सांगितले आहेत: स्थपति, सूत्रग्राही, तक्षक व वर्धकि. तक्षक कापतो आणि वर्धकि कापलेले तुकडे जोडून वाढवितो. कापणारा व जोडणारा यांचें काम वेगळें मानण्याची ही दृष्टि आमच्या विषयास फार पोषक आहे. कारण हातानें केलेल्या सांध्यांत या दोघांचा संवाद दिसतो आणि यंत्रानें केलेल्या सांध्यांत तो नाहींसा होतो, हें पुढें स्पष्ट होईल.

सरसाविषयींही एक उल्लेख करणें अवश्य आहे. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वज्रलेपाचें स्वतंत्र प्रकरण दिलें आहे. टेंभुर्णी व कवठ यांचीं कच्चीं फळें, सावरीचीं फुलें, साळईचें बीं, धामणीची साल व वेखंड यांचा काढा अष्टमांश उरेपर्यंत आटवून त्यांत गुग्गुळ, बिबा, राळ, जवस इत्यादि मिसळावे, असा पहिला कल्प आहे. पुढील एका कल्पांत जनावरांचीं शिंगें व कातडें यांचा उपयोग सांगितला आहे. हे लेप प्रासादाच्या कामाचे आहेत. तथापि कातड्यापासून चिकटा काढण्याची विद्या आपल्याकडे किती जुनी आहे हें त्यावरून कळतें. सुताराचा सरस त्याच जातीचा.

(४) सांध्याची प्राचीनता

लांकडी सामानांत हा सांधा प्राचीन मिसर देशांत निःसंशय वापरीत असत. तेथील थडग्यांतून निघालेल्या पेट्यांत तो पाहावयास मिळतो, व कर्नाकच्या देवळांतील दगडांस जोडून धरण्यासाठीं डमरूच्या आकाराच्या ज्या खाचा पाडल्या आहेत त्याही याच तत्त्वावर आहेत. दोन पुच्छें अरुंद बाजूंनीं एकमेकांस लावलीं म्हणजे डमरू होतो. इराणांत सायरसच्या काळीं, म्हणजे इसवी सनापूर्वीं सहाव्या शतकांत, पासर्गादी येथील इमारतींत दगडांच्या जोडास याच आकाराच्या धातूच्या कड्या बसविलेल्या आहेत.

युरोपांतील घरगुती सामानांत ड्रॉवर रूढ झाले तसा हा सांधाही रूढ झाला. इंग्लंडांत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तो सर्रास दिसतो. युरोपीय वखारी व पुढें कंपनीचा अंमल यांबरोबर अशा बांधणीच्या पेट्या, लिहिण्याच्या पेटिका व कापुराच्या लांकडाच्या चिनी पेट्या पश्चिम किनाऱ्यावर आल्या. आपल्या इकडील जुन्या पेटाऱ्यांत मात्र आम्हांस लोखंडी पट्ट्या, मोठ्या डोक्याचे खिळे, अथवा चौकटींत कुसूं बसवून केलेली बांधणी अधिक आढळली आहे. यावरून दोन गोष्टी निघतात. कपोतपुच्छ नाहीं म्हणून पेटी कमी कसबाची किंवा बनावट ठरत नाहीं. आणि कपोतपुच्छ आहे एवढ्यावरून ती परदेशी किंवा अलीकडची ठरत नाहीं. सांध्याचें अस्तित्व कांहींच सिद्ध करीत नाहीं. तो कसा कापला आहे हें सर्व कांहीं सिद्ध करितें.

(५) यंत्राचा प्रवेश

हा सांधा हातानें कापणें वेळखाऊ आहे. म्हणून एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंत त्यासाठीं यंत्रें निघूं लागलीं. विस्कॉन्सिन प्रांतांतील चार्ल्स नॅप यानें १८६७ सालीं एका यंत्राचें पेटंट घेतलें. त्याचा सांधा पुच्छाकार नव्हता. एका फळीवर अर्धचंद्राकार लाटा व त्यांच्या मध्यभागीं वाटोळ्या खुंट्या, अशी त्याची रचना होती. १८७० नंतरच्या दशकांत तो अमेरिकेंतील कारखान्यांच्या ड्रॉवरांवर फार दिसूं लागला व शतक संपण्याच्या सुमारास मागें पडला. कारण तोंपर्यंत खऱ्या पुच्छाच्या आकाराचे दांत एकसारखे कापणारीं यंत्रें तयार झालीं होतीं, व गिऱ्हाइकास हातच्या कामासारखें दिसणारेंच काम हवें होतें.

राऊटर म्हणजे विजेवर फिरणारें, हातांत धरून चालविण्याचें कोरण्याचें यंत्र. पहिल्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंतील सिरॅक्यूझ येथें आर. एल. कार्टर यानें तें बाजारांत आणिलें, आणि १९२९ सालीं त्याचा धंदा स्टॅनली कंपनीनें विकत घेतला. या यंत्रास फणीसारखा धातूचा साचा जोडला म्हणजे कारखान्यांतील सांधा लहान दुकानांतही होऊं लागतो. या साच्यास व त्याच्या पकडीस मिळून जिग म्हणतात. आरंभीच्या जिगांत फणीचे दांत ठराविक अंतरावर असत. पुढें दांत हवे तसे सरकवितां येणारे जिग १९८० नंतर प्रचारांत आले.

(६) जिगानें सांधा घट्ट कसा बसतो

पुढील खुणा समजण्यासाठीं ही रीत थोडी तपशीलानें सांगणें प्राप्त आहे. अर्धगुप्त सांध्याच्या साध्या जिगांत बाजूची फळी उभी व दर्शनी फळी आडवी अशा दोन्ही एकाच वेळीं पकडतात. त्यांवर फणी ठेवितात. राऊटरच्या तळाशीं एक वाटोळी वाटी बसविलेली असते. ती फणीच्या दांतांच्या कडेनें फिरते, आणि तिच्यांतून खालीं आलेलें, बुडाशीं फुगीर असें पातें दोन्ही फळ्या एकाच फेरींत कापतें. उभ्या फळीस पुच्छें होतात व आडवीस त्यांच्या खाचा होतात. दोन फळ्या एकमेकींच्या मानानें अर्ध्या अंतरानें सरकवून लाविलेल्या असतात, म्हणून जोडतांना त्यांच्या कडा जुळतात.

सांध्याची घट्टाई पात्याच्या खोलीवर अवलंबून आहे. पातें खालीं रुंद व वर अरुंद आहे. तें जितकें खोल जाईल तितका उभ्या फळीच्या टोकाशीं पात्याचा अरुंद भाग येतो, म्हणजे दोन कापांमध्यें उरणारें पुच्छाचें टोक तितकें रुंद होतें. आडव्या फळींतील खाचेच्या तळाची रुंदी मात्र पात्याच्या बुडाइतकीच राहते. म्हणून सांधा ढिला असल्यास पातें थोडें खालीं घ्यावें, व फार घट्ट असल्यास थोडें वर घ्यावें. पहिल्याप्रथम हें विपरीत वाटतें, पण आकृति काढून पाहिल्यास लगेच पटतें. प्रचारांतील पातें बहुधा १४ अंशांचें असतें. त्या हिशेबानें खोलींत १ मिलिमीटरचा फरक केल्यास पुच्छाच्या टोकाची रुंदी सुमारें अर्धा मिलिमीटर बदलते. कागदाच्या जाडीवर फिट बसणाऱ्या सांध्यांत हा फरक फार मोठा आहे. तेव्हां पातें एका वेळीं केंसभरच सरकवावें.

पुच्छें आंत किती शिरतात हें मात्र खोलीवर नसून फणीच्या पुढेंमागें असण्यावर आहे. पुच्छें खाचेंतून बाहेर उरत असतील तर फणी मागें सारून खाच लांब करावी. फार आंत जात असतील तर ती पुढें घ्यावी. घट्टाईचा दोष फणीनें व आंत-बाहेरचा दोष पात्यानें सुधारूं पाहणारे लोक दिवसभर लांकूड वायां घालवितात. याखेरीज फळ्या सारख्या जाडीच्या, सपाट व गुण्यांत असाव्या. पातें पकडींतून घसरत नाहीं याची खात्री करावी. वाटी व पातें एकमध्य असावें. आणि लांकडाचे कपचे निघूं नयेत म्हणून प्रथम दर्शनी कडेवर एक उथळ फेरी मारून मग दांतांत शिरावें. शेवटीं, नमुन्याचे तुकडे त्याच लांकडाचे घ्यावे. आंब्याच्या लांकडावर जुळविलेलें माप सागास जसेंच्या तसें लागूं पडेल असें समजूं नये.

(७) मागें राहणाऱ्या खुणा

आतां या रीतीवरून खुणा आपोआप निघतात.

पहिली खूण अंतराची. साध्या जिगानें कापलेले पुच्छ व खुंट सारख्या रुंदीचे व सारख्या अंतरावर येतात. हातानें काम करणारा सुतार सहसा पुच्छें रुंद व खुंट बारीक ठेवितो. युरोपीय कसबी कामांत खुंटाचें अरुंद टोक करवतीच्या पात्याहून फारसें जाड नसतें. इतका बारीक खुंट साध्या जिगास साधत नाहीं.

दुसरी खूण उताराची. हातच्या कामांत मऊ लांकडास १ : ६ व कठीण लांकडास १ : ८ असा उतार देण्याचा प्रघात आहे. १४ अंशांच्या पात्याचा उतार जवळजवळ १ : ४ येतो. साधा कोनमापक लावून हा भेद डोळ्यांनीं ठरवितां येतो, आणि तोही पेटी न उघडतां.

तिसरी खूण रेषेची. हातानें कापणारा सुतार दांतांच्या बुडाशीं फळीभर एक बारीक रेघ ओरखडून घेतो, कारण करवत कोठें थांबवावयाची हें तिच्यावरून कळतें. ही रेघ शेंकडों वर्षें राहते. यंत्रास तिची गरज नाहीं.

चौथी खूण खाचेच्या आंतील. अर्धगुप्त खाच हातानें काढतांना करवत तिरकी चालवून थोडी पुढें जाते, व उरलेलें लांकूड पटाशीनें काढतात. म्हणून खाचेंत करवतीचे चरे व पटाशीचे सपाट घाव दिसतात आणि कोपरे तीक्ष्ण असतात. फिरत्या पात्यानें काढलेली खाच आंतल्या टोकास वाटोळी असते व पुच्छाची मागील बाजूही तशीच वाटोळी असते. सांधा जेथें थोडा उकलला असेल तेथें बारीक दिव्यानें हें पाहतां येतें. त्यासाठीं सांधा मुद्दाम कधींही उकलूं नये.

या खुणांबरोबर स्क्रू पाहावे. टोंकदार स्क्रू यंत्रानें करण्याचें अमेरिकन पेटंट १८४६ चें असून इंग्लंडांत बर्मिंगहॅमच्या कारखानदारांनीं १८५४ सालीं त्याचे हक्क घेतले. त्यापूर्वींचे स्क्रू बोथट टोंकाचे असत. डोक्यावर फुलीची खाच असलेले स्क्रू तर १९३० नंतरच्या दशकांतले. तथापि स्क्रू बदलतां येतात, कोपरा बदलणें कठीण. म्हणून कोपऱ्याची साक्ष स्क्रूपेक्षां वरची मानावी.

(८) एक उदाहरण

या विचाराचें महत्त्व एका उदाहरणानें स्पष्ट होईल. कांहीं वर्षांपूर्वीं एका घराण्याकडील सागाची पेटी व तिच्यांतील मोडी कागदांचे दोन रुमाल आमच्याकडे पाहण्यासाठीं आले. घरची परंपरा अशी कीं, पेशवाईंत मूळ पुरुषास सनद मिळाली तेव्हां ती याच पेटींतून आली. हे कागद एका संग्रहास देण्याचें ठरलें होतें. परंतु तेथील परीक्षकांनीं पेटी नवी असल्याचें ओळखून, पेटीची कथा खोटी तेव्हां कागदही संशयास्पद, असें म्हणून सर्वच परत केलें. घरच्या मंडळींनीं खट्टू होऊन ते रद्दींत काढण्याचा विचार बोलून दाखविला होता.

पेटीसंबंधानें परीक्षकांचें म्हणणें अगदीं बरोबर होतें. चारही कोपऱ्यांचे पुच्छ व खुंट सारख्या रुंदीचे, उतार १ : ४ च्या जवळचा, ओरखड्याची रेघ नाहीं, आणि एका उकललेल्या कोपऱ्यांत खाच वाटोळी. असें काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वीं होणें शक्य नाहीं, व पेशवाई १८१८ सालीं संपली. एवढ्यावर वाद संपला.

पण कागदांचें काय? मुख्य सनदेवर शके १६९३, मार्गशीर्ष मास, व सुहूर सन इसन्ने सबैन मया व अलफ, म्हणजे ११७२, असा काळ होता. सुहूर सन मृगापासून व शक चैत्रापासून सुरू होत असल्यामुळें महिना पाहिल्याशिवाय मेळ घेतां येत नाहीं. मार्गशीर्ष दोहोंच्या समाईक भागांत पडतो व सन १७७१ चा हिवाळा बरोबर येतो. अक्षर, मायना व मोर्तब यांत कोठेंही विसंगति नव्हती. याहून निर्णायक गोष्ट कसरीची होती. किडीचीं भोकें घडीच्या सर्व पदरांतून सलग गेलेलीं होतीं, म्हणजे कागद त्याच घडींत फार वर्षें पडून होते. पेटीच्या लांकडास मात्र एकही भोंक नव्हतें, आणि कागदांच्या कडेवरील ओलीचा डाग पेटीच्या तळावर कोठेंच उतरला नव्हता. तात्पर्य, कागदांचें हें आयुष्य या पेटींत गेलेंच नव्हतें. पेटीच्या नवेपणाचा त्यांच्याशीं संबंध जोडण्यास आधारच राहिला नाहीं.

पुढें घरांतील वडीलधाऱ्या बाईंकडून समजलें कीं, पहिली पेटी वाळवीनें खाल्ली तेव्हां नवी करविली व जुनीची कडी तिच्यावर बसविली. कडी पाहतां तिच्या पट्टींत जुन्या खिळ्यांचीं चार भोकें रिकामीं होतीं व नवे स्क्रू दुसरीकडे मारलेले होते. परंपरा खोटी नव्हती. ती एका पेटीवरून दुसरीवर सरकली होती. हें सर्व टिपण लिहून दिल्यावर संग्रहाच्या चालकांनीं कागद पुनः तपासून ठेवून घेतले.

(९) अनुमानाचे नियम

वरील विवेचनावरून पुढील नियम निघतात.

पेटीचा कोपरा फक्त पेटीचा काळ सांगतो, आणि तोही एका बाजूनेंच. यंत्राची खूण असल्यास 'या काळापूर्वींची नव्हे' इतकें निश्चित म्हणतां येतें. हातच्या कामाची खूण असल्यास 'या काळानंतरची नव्हे' असें मुळींच म्हणतां येत नाहीं, कारण हातानें हा सांधा कापणारे कारागीर आजही आहेत. न्यायशास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें तर धूर दिसल्यास अग्नि आहे; धूर न दिसल्यास अग्नि नाहीं, असें होत नाहीं.

चार कोपऱ्यांपैकीं एकच पाहून निर्णय देऊं नये. एक कोपरा दुरुस्त केलेला असूं शकतो, व झांकण किंवा तळ मागाहून बसविलेला असूं शकतो.

पेटी व कागद यांचा संबंध सिद्ध करावा लागतो, गृहीत धरतां येत नाहीं. तो सिद्ध करण्याचीं साधनें म्हणजे डाग, भोकें, घड्या व मापें. पेटीच्या आंतल्या लांबीपेक्षां कागदाची जुनी घडी लांब असेल तर तेवढ्यावरच संबंध तुटतो.

(१०) दुरुस्ती व नवी पेटी

शेवटीं संग्राहकांस दोन शब्द. जुन्या पेटीचा कोपरा ढिला झाला म्हणजे तो कापून टाकून नवीन फळी जिगानें घट्ट बसवून देण्यास कारागीर सहज तयार होतो, व काम सुबकही होतें. पण त्या एका तासांत पेटीचा एकमेव साक्षीदार नष्ट होतो. जुना सांधा बहुधा सरसानें जोडलेला असतो. तो ऊब व ओल यांनीं मऊ होतो, म्हणून कुशल मनुष्य तो न कापतां सोडवून पुनः सरसानेंच बसवूं शकतो. हल्लींच्या पांढऱ्या गोंदानें जोडलेला सांधा असा सहज सुटत नाहीं; तेव्हां जुन्या पेटीस तो लावूं नये. ओलीचें काम चाललें असतां कागद दुसऱ्या खोलींत ठेवावे हें सांगणें नको.

कागदांच्या रक्षणासाठीं मात्र नवी पेटी अवश्य करवावी, व ती जिगानें करविण्यास कांहींच हरकत नाहीं. घट्ट कोपऱ्यांतून धूळ व कीड कमी शिरते, आणि पावसाळ्यांत फळ्या फुगल्या तरी कोपरा फांकत नाहीं. एवढेंच करावें कीं, तळाच्या आंतल्या बाजूस कारागिराचें नांव, गांव व शक ठळक अक्षरांत लिहवून घ्यावा, आणि जुनी पेटी फेंकून न देतां तिच्या चारही कोपऱ्यांचीं छायाचित्रें कागदांच्या यादीस जोडावीं. नवें नवें म्हणून व जुनें जुनें म्हणून राहिलें, तर शंभर वर्षांनीं आपल्या दप्तरांची परीक्षा करणारास परंपरा कोठून कोठें सरकली हें शोधण्याचा त्रास पडणार नाहीं. आपल्या संग्रहांतील पेट्या वाचकांनीं या दृष्टीनें पाहाव्या व कांहीं विशेष आढळल्यास टिपणाच्या रूपानें मंडळाकडे पाठवावें, अशी विनंति करून हा लेख पुरा करितों.